अठराव्या होलशेजारची दफनभूमी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या हिल्टन हेड बेटावरचा लेख वाचला, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या लाइटहाऊसचा मोठा फोटो होता त्यात. लेख छान झालाय, माहितीही बरीच आहे, पण त्यात एका ठिकाणी म्हटलंय की गोल्फ येण्याआधी तिथे जंगल आणि डास सोडले तर काहीच नव्हतं, आणि ते वाचून मला राहवेना म्हणून हे पत्र लिहायला बसले. माझी मुलगी सव्हानाला असते, तिथून हे बेट गाडीने साधारण तासाभरावर, त्यामुळे माझं तिथे तीन-चार वेळा जाणं झालंय, आणि पहिल्यांदा गेले तेव्हा मलाही अगदी हेच वाटलं होतं की हे सगळं गोल्फवाल्यांनी शून्यातून उभं केलंय. दुसऱ्या खेपेला एका लहानशा दफनभूमीत जाऊन उभी राहिले आणि तेव्हापासून डोक्यातून ते जात नाही. त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी तिथे काय होतं ते सांगते. साउथ कॅरोलायना राज्याच्या किनाऱ्यावरचं हे बेट, बुटाच्या आकाराचं, साधारण १२ मैल लांब. इथे लांब धाग्याच्या कापसाचे मळे होते आणि त्यावर राबायला आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते. अमेरिकेच्या यादवी युद्धात, नोव्हेंबर १८६१ मध्ये, उत्तरेच्या आरमाराने पोर्ट रॉयलची लढाई जिंकली, मळेवाले सगळं टाकून पळाले आणि गुलाम मात्र तिथेच राहिले. पुढच्याच वर्षी, म्हणजे कायद्याने स्वातंत्र्य मिळायच्याही आधी, जनरल ऑर्म्सबी मिचेल यांच्या पुढाकाराने तिथे या लोकांचं स्वतःचं गाव वसलं, त्यांच्याच नावावरून मिचेलव्हिल. घरं लोकांनी स्वतः बांधली, कारभारी स्वतः निवडले, आणि मुलांना शाळेत पाठवणं सक्तीचं केलं. विचार करा, कालपरवापर्यंत ज्यांना अक्षर शिकवणं हाच गुन्हा होता त्यांनी हातात सत्ता येताच शाळा सक्तीची केली!

युद्ध संपलं, सैन्य गेलं, काम गेलं, मिचेलव्हिल हळूहळू विरळ झालं. पण लोक बेट सोडून गेले नाहीत. पै-पै साठवून त्यांनी जमिनीचे छोटे छोटे तुकडे विकत घेतले, भेंडी, रताळी, कलिंगडं पिकवली, कोळंबी आणि ऑयस्टर धरले, माल होडीतून सव्हानाच्या बाजाराला नेला. पूल नाही, त्यामुळे बाहेरचं वारं कमी, आणि म्हणून त्यांची बोली, गाणी, टोपल्या विणायची आफ्रिकेतून आलेली पद्धत, हे सगळं टिकलं. या लोकांना गुल्ला म्हणतात. १९५० च्या आसपास बेटावर राहणारी माणसं जेमतेम हजारभर असतील आणि त्यातली बहुतेक गुल्लाच. तेव्हा काहीच नव्हतं असं कसं म्हणायचं?

आता गोल्फची गोष्ट. ती मी मुद्दाम सविस्तर सांगणार आहे कारण लेखात स्पर्धांची नावं आली, विजेत्यांची आली, पण गोल्फने बेट बदललं म्हणजे नेमकं कसं बदललं हे राहूनच गेलं.

१९४९-५० च्या सुमारास शेजारच्या जॉर्जिया राज्यातल्या लाकूड व्यापाऱ्यांच्या एका गटाने पाइनच्या झाडांसाठी बेटाचा फार मोठा भाग विकत घेतला. त्यात जोसेफ फ्रेझर होते. त्यांचा मुलगा चार्ल्स, येलमधून वकिली शिकलेला, सुट्टीत लाकूडतोडीवर यायचा. वडिलांना दिसत होतं लाकूड आणि या मुलाला दिसलं की ही झाडं उभी ठेवली तर जास्त मोलाची आहेत. १९५३ मध्ये गाड्या नेणारी फेरी आली, १९५६ मध्ये पूल झाला, आणि चार्ल्स फ्रेझरने वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी बेटाच्या दक्षिण टोकाला सी पाइन्स नावाची वसाहत आखायला घेतली. त्याचं काम खरोखर वेगळं होतं. रस्ते सरळ न काढता झाडांना वळसे घालून काढले, घरांना मातकट रंग, भडक पाट्या नाहीत, आणि प्लॉट विकताना खरेदीखतातच इतक्या अटी घातल्या की विकत घेणाऱ्याला मनाला येईल तसं झाड तोडता येणार नाही. बेटावर संध्याकाळी गाडी चालवताना आजही हे जाणवतं, दुकानं झाडांच्या मागे दडलेली असतात आणि पाट्या इतक्या लहान की दोनदा वळण चुकतं.

पण झाडं ठेवून पैसा कुठून येणार? समुद्रासमोरचे प्लॉट चढ्या भावाने जातात हे कुणालाही कळतं, पण किनाऱ्याची ओळ एकच असते, तिच्यामागे हजारो एकर सपाट, दलदलीची, पाइनची जमीन पडलेली, तिला कोण विचारतो. गोल्फचं खरं काम इथे आहे. फेअरवे म्हणजे गवताचा लांबलचक पट्टा, त्याच्या दोन्ही बाजूंना घरं बसतात, प्रत्येक घराला समोर मोकळं हिरवं दृश्य मिळतं आणि समोर कधीच कुणी बांधणार नाही याची हमीही मिळते. एका अठरा होलच्या, म्हणजे अठरा टप्प्यांच्या, कोर्सने मैलोन्‌मैल नवा ‘किनारा’ तयार होतो आणि तोही बेटाच्या आत. वर दलदलीचं पाणी काढायला तळी खणायची, ती कोर्सची शोभा होतात आणि निघालेली माती भराव घालायला वापरायची. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्ज कॉबने आखलेला ओशन कोर्स झाला आणि गणित जमलं. १९६२ मध्ये एका मोठ्या अमेरिकन साप्ताहिकात फ्रेझरचा टोपी-काठी घेऊन मगरीशेजारून चालतानाचा फोटो छापून आला आणि बेटाचं नाव देशभर झालं. मग एकामागून एक वसाहती, प्रत्येकीत कोर्स, आज बेटावर वीसहून जास्त कोर्स आहेत. हे बेट गोल्फसाठी जमीन सोडून वसलेलं नाही, जमीन विकली जावी म्हणून गोल्फ आणून वसलेलं आहे, हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

१९६९ हे मोठं वर्ष. पीट डाय नावाचा तेव्हा फारसा नाव नसलेला आर्किटेक्ट, सल्लागार म्हणून तरुण गोल्फपटू जॅक निकलॉस, आणि दोघांनी मिळून सी पाइन्समधल्या हार्बर टाउनचा कोर्स केला. त्या काळात कोर्स म्हणजे लांबच लांब, मोठमोठी ग्रीन्स (बॉल जिथे शेवटी खळग्यात घालायचा ती बारीक कापलेली हिरवळ) अशी पद्धत होती, यांनी उलटं केलं, अरुंद फेअरवे, छोटी ग्रीन्स, दोन्हीकडून वाकलेले ओक, ताकदीपेक्षा नेम महत्त्वाचा. तेराव्या होलच्या ग्रीनला लाकडी फळ्यांचा काठ आहे, त्याचं श्रेय पीट यांची पत्नी अॅलिस डाय यांना देतात, लेखात त्यांचं नाव यायला हवं होतं. अठरावा होल कॅलिबोगी साउंड या खाडीच्या काठाकाठाने लाइटहाऊसकडे जातो, तुमच्या फोटोतलं तेच. ते जहाजांसाठी म्हणून नाही, बंदराची ओळख म्हणून बांधलेलं. नोव्हेंबरमध्ये पहिली हेरिटेज स्पर्धा झाली आणि जिंकला कोण तर अर्नोल्ड पामर, वर्षाहून जास्त काळ एकही स्पर्धा न जिंकलेला आणि तरी देशाचा लाडका. यापेक्षा चांगली जाहिरात पैसे देऊन मिळाली नसती. तेव्हापासून दरवर्षी ती स्पर्धा होते, आधीचा विजेता चौकड्यांचा कोट घालून पाण्यात बॉल मारतो आणि त्याच वेळी तोफ उडते. २०११ मध्ये स्पर्धेला मुख्य प्रायोजकच मिळाला नाही, तेव्हा गावाने आणि काउंटीने, म्हणजे जिल्ह्याने, सरकारी पैसा घालून ती वाचवली, कारण स्पर्धा गेली तर बेटाची ओळखच जाणार ही भीती हॉटेलवाल्यापासून भाडेकरूपर्यंत सगळ्यांना होती. त्यापुढच्या वर्षी एक कॅनेडियन बँक आली आणि गाडी रुळावर आली.

गोल्फने बेटाचं नुसतं वाटोळं केलं असं माझं म्हणणं अजिबात नाही. १९६९ मध्ये बीएएसएफ या जर्मन कंपनीने बेटासमोर व्हिक्टोरिया ब्लफला केमिकलचा प्रचंड कारखाना जाहीर केला होता. खाडीचं पाणी नासलं असतं. तेव्हा फ्रेझरसारखे रिसॉर्टवाले आणि काळ्या कोळ्यांची सहकारी संस्था एकत्र आली. हो, एकत्र! कॅप्टन डेव्ह नावाची त्यांची कोळंबीची बोट हजारो सह्यांचा अर्ज घेऊन समुद्रमार्गे थेट वॉशिंग्टनला गेली. काउंटीतल्या बऱ्याच काळ्या कुटुंबांना त्या कारखान्याच्या नोकऱ्या हव्या होत्या हेही खरं आहे आणि त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही, पोटाचा प्रश्न होता. १९७१ च्या सुरुवातीला कंपनीने माघार घेतली. आज तिथलं पाणी स्वच्छ आहे आणि ऑयस्टर मिळतात, त्यात त्या कोळ्यांचा वाटा रिसॉर्टवाल्यांइतकाच आहे. लेखात मात्र पर्यावरण वाचवल्याचं सगळं श्रेय एकट्या फ्रेझरला दिलंय.

आता जमिनीचं बोलते, कारण सगळं तिथेच येऊन थांबतं. गुल्ला कुटुंबांची जमीन बहुतेक मृत्युपत्राशिवाय पुढच्या पिढीकडे आली. वकील परवडत नव्हता आणि कोर्टावर विश्वास ठेवावा असा अनुभवही नव्हता. त्यामुळे आजोबांची पाच एकर म्हणजे आज चाळीस-पन्नास वारसांची सामाईक जमीन, काही बेटावर, काही न्यूयॉर्कला, काहींनी बेट कधी बघितलेलंही नाही. जोपर्यंत जमिनीला भाव नव्हता तोपर्यंत काही बिघडत नव्हतं, ज्याला गरज त्याने घर बांधावं असं चालायचं. गोल्फने भाव आणला आणि तिथून घात झाला. एखादा बिल्डर लांबच्या एका वारसाचा छोटासा हिस्सा विकत घेतो, मग सहमालक म्हणून कोर्टात जाऊन वाटणी मागतो, इतक्या जणांत वाटणी शक्य नाही म्हणून कोर्ट अख्ख्या जमिनीच्या विक्रीचा हुकूम देतं, आणि लिलावात बोली लावायला पैसा असतो तो फक्त बिल्डरकडे. शेजारच्या प्लॉटवर आलिशान घर झालं की घरपट्टी वाढते, ती थकली की टॅक्ससाठी लिलाव. कुणी बंदूक दाखवली नाही, सगळं कायद्याने झालं. २०१६ मध्ये साउथ कॅरोलायनाने कायदा बदलला, आता असा हिस्सा विकायची वेळ आली तर आधी इतर वारसांना तो घ्यायची संधी द्यावी लागते आणि किंमतही नीट ठरवावी लागते. कायदा चांगला आहे, पण पहिल्या पुलापासून तोवर ६० वर्षं गेली होती.

आणि कामाचं काय, तर काम मिळालं, नक्कीच मिळालं. पण बेटावर घर परवडेना म्हणून खोल्या साफ करणाऱ्या, स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या बायका अ‍ॅलनडेलसारख्या आतल्या गरीब काउंटीतून बसने यायच्या, एका बाजूचे दोन-दोन तास. पहाटे चारला उठून बस धरायची, दिवसभर दुसऱ्यांच्या सुट्टीची तयारी करायची आणि अंधार पडल्यावर घरी. ज्यांच्या आज्या-पणज्या याच किनाऱ्यावरच्या मळ्यांत राबल्या त्यांना कामाला जाताना ज्या वसाहतींच्या गेटमधून आत जावं लागतं त्यांच्या नावांत ‘प्लँटेशन’, म्हणजे मळा, हा शब्द. विकणाऱ्यांना त्या शब्दात ओकची झाडं आणि वाड्यांचे पांढरे खांब दिसत होते. या बायकांना काय दिसत असेल?

आता ती दफनभूमी. सी पाइन्समध्ये जायला गेटवर पैसे भरून दिवसाचा पास घ्यावा लागतो. मुलीने घेतला, आम्ही हार्बर टाउनला गेलो, आइस्क्रीम खाल्लं, लाइटहाऊस चढलो. खाली बंदराच्या काठाला एक जुना ओक आहे, लिबर्टी ओक म्हणतात, बंदर खणताना फ्रेझरने तो जपून वाचवला, आणि २००२ मध्ये बोटीच्या स्फोटात फ्रेझर गेला तेव्हा त्याला याच झाडाजवळ पुरलं. लोक तिथे थांबतात, फोटो काढतात, झाडाभोवती बसायला जागा आहे. ते बघून आम्ही मागच्या बाजूला चालत निघालो, व्हिला संपतात तिथे, अठराव्या फेअरवेला लागून, झाडांखाली एक छोटी जागा दिसली. ब्रॅडॉक पॉइंट सिमेट्री. त्या टोकावरच्या मळ्यात राबलेल्या आणि नंतर तिथेच राहिलेल्या गुल्ला कुटुंबांची. काही दगडांवर नावं आहेत, काहींवरची पुसली गेलीयत, काही ठिकाणी दगडच नाही, नुसती खचलेली जमीन, पाय टाकताना कळतं की इथे कुणीतरी आहे. पाण्याजवळ पुरायची त्यांची रीत, आत्म्याला समुद्रावरून आफ्रिकेला परत जायला वाट जवळ पडावी म्हणून. ते पाणी आता घरांच्या मागे गेलंय. मी उभी होते तेवढ्यात पलीकडून बॉल मारल्याचा टप्प असा आवाज आला आणि कुणीतरी ‘गुड शॉट’ म्हणालं. त्या माणसाचा काही दोष नाही, त्याला झाडांमागे काय आहे हे दिसतच नाही. माझी मुलगी हळूच म्हणाली, आई, यांच्या घरच्यांना इथे यायचं असेल तर त्यांनाही गेटवर सांगूनच यावं लागत असेल ना. हो, लागतं. स्वतःच्या आजीच्या कबरीवर फूल ठेवायला चौकीवर कारण सांगायचं.

फ्रेझरची कबर आणि या कबरी यांच्यात चालत काही मिनिटांचं अंतर आहे. दोघांनीही त्या बेटाला जीव लावला. एकाची जागा प्रत्येक नकाशात आहे आणि दुसरी विचारत विचारत शोधावी लागते, मला तरी योगायोगानेच सापडली.

एक गोष्ट लेखकाच्या बाजूनेही सांगते, तिथे गेलेल्या माणसाला हे आपोआप कळत नाही. बेटाची रचनाच अशी आहे की एका गेटमधून निघायचं, झाडांतल्या रस्त्याने जायचं आणि दुसऱ्या गेटमध्ये शिरायचं. मधल्या रस्त्यांवर चर्च, छोटी घरं, अंगणात उलटी ठेवलेली होडी, हाताने रंगवलेली कोळंबीची पाटी, हे दिसतं पण गाडीचा वेग कमी केला तरच. १९८३ मध्ये बेटाची नगरपालिका झाली ती मुख्यतः बेफाम बांधकामाला आळा घालायला, कारण स्वतः फ्रेझरच्या मागून आलेल्यांनी त्याचे नियम पाळले नव्हते. हेतू चांगला, पण एकरी किती घरं याचे नियम आले तेव्हा त्यांचा फटका त्यांनाही बसला ज्यांच्याकडे एवढी एकच जमीन उरली होती आणि तीवर मुलासाठी दुसरं घर टाकायचं होतं. श्रीमंताची जमीन आधीच विकून, बांधून झाली होती. यावरून तिथे अजून वाद चालू आहेत.

गुल्ला बोलीत दोन शब्द आहेत, ‘बिन-या’ आणि ‘कम-या’. बिन-या म्हणजे आधीपासून इथे असलेले, कम-या म्हणजे नंतर आलेले. शिवी नाही ती, नुसतं ओळखायचे शब्द. तुमच्या लेखात सगळं बेट कम-यांचं आहे, पूल बांधणारे, कोर्स आखणारे, कप जिंकणारे, आणि आमच्यासारखे आइस्क्रीम खाऊन परत येणारे. आज तिथे मिचेलव्हिलच्या जागी स्मारक-उद्यान आहे, प्रवेशाला गेट नाही, पाण्यावर बांधलेली लाकडी वाट आहे, आणि माहिती सांगणारी बरीच माणसं त्याच कुटुंबांतली आहेत. गुल्ला माणसंच चालवतात अशा बसच्या टूरही आहेत, दोन तास लागतात, ते जमीन दाखवतात आणि कुणाची होती ते नावानिशी सांगतात. गोल्फच्या एका राउंडचे शेकडो डॉलर मोजणाऱ्याला ते तिकीट काहीच नाही.

माझी विनंती एवढीच आहे की पुरवणीत जागा असेल तर या लेखाचा दुसरा भाग छापा, त्यात मिचेलव्हिल येऊ द्या, कॅप्टन डेव्ह येऊ द्या, आणि गोल्फ बघायला जाणाऱ्या वाचकांसाठी एवढं तरी लिहा की अठरावा होल बघून झाल्यावर लाइटहाऊसकडे पाठ करून व्हिलांच्या मागे चालत गेलं की डाव्या-उजव्या झाडांत नीट बघा, तिथे कबरी आहेत, जपून पाय टाका. फोटो हवा असेल तर माझ्याकडे आहे, मोबाइलवर काढलेला, फार चांगला नाही आलाय पण दगडावरची नावं वाचता येतात.

कळावे,
आपली एक नियमित वाचक